बसच्या बॉडीत वेल्ड कुठे, रिव्हेट कुठे

‘बॉडी फुल वेल्डिंगची आहे’ असं छाती ठोकून सांगणाऱ्याला एवढंच म्हणावं: पिलर (उभा खांब) वेस्ट रेलला (खिडक्यांखालच्या आडव्या पाइपला) मिळतो तो सांधा दाखवा.

सांगाडा वेल्डिंगचाच हवा, त्यात वाद नाही. ४० बाय ४० चे २ मिमी जाडीचे चौकोनी पाइप, सीओटू वेल्डिंग (सांध्यावर कार्बन डायऑक्साइड सोडत तारेने केलेलं), ०.८ किंवा १ मिमीची तार. आधी जिगमध्ये (पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यात) सगळे टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारायचे, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने भरायच्या. एकाच बाजूने सलग मारत गेलं की साइड फ्रेम ओढली जाते. ते कळतं थेट काचा बसवताना. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर सांध्यालगतचं जस्त आधी घासून काढा, नाहीतर वेल्ड जाळीदार होतो. उकडतंय म्हणून वेल्डरवर पंखा सोडला तरी गॅस उडून तेच होतं.

तडा मात्र बहुधा वेल्डमध्ये जात नाही, त्याच्या कडेला पाइपात जातो. म्हणून वेल्ड पाइपच्या कोपऱ्यावर थांबवू नये, वळसा घालून पुढे न्यावा. गाडी उलटण्याच्या एआयएस-०३१ चाचणीत पिलर थोडाफार वाकला तर चालतं, पण प्रवाशांच्या जागेत घुसता कामा नये. सांधाच सुटला तर तो घुसणारच.

पत्र्याचं गणित वेगळं. एसटीच्या जुन्या अॅल्युमिनियम बॉड्यांत रिव्हेटच होते आणि ते काही मागासलेपण नव्हतं. ४.८ मिमीच्या पॉप रिव्हेटला (एकाच बाजूने ओढून बसतो तो) भोक ४.९ ते ५ चं. कडेपासून अंतर निदान व्यासाच्या दुप्पट. भोक सैल पडलं की रिव्हेट हलतो आणि त्याखाली काळा ओघळ दिसू लागतो. लोखंडावर अॅल्युमिनियम थेट टेकवलं तर पाणी शिरून पांढरी भुकटी धरते. मध्ये प्रायमर आणि टेप हवीच.

पत्रा रिव्हेटऐवजी पीयूने (पॉलियुरेथेन गोंदाने) चिकटवायचा तर थर ३ मिमीच्या आसपास राहील असे रबराचे तुकडे मध्ये ठेवा. दाबून पातळ केला तर ऊन-थंडीची हालचाल त्याला झेपत नाही. जवळपासचं सगळं वेल्डिंग त्याआधी उरकलेलं असावं.

बॉडी चासीवर यू बोल्टने बसते, पण ब्रेक लागला की ती पुढे सरकू पाहते. तो जोर शिअर प्लेट (सरकणं अडवणारी पट्टी) आणि हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टने घ्यायचा. चासीच्या फ्लँजला (तुळईच्या वरच्या-खालच्या आडव्या कडेला) भोक नाही, वेल्ड तर नाहीच. गाडी थोडी धावली की यू बोल्ट पुन्हा आवळायचे.