पॉलिसी माझ्या नावावर होती

डॅलसजवळच्या आमच्या घराचं छत खाली आलं त्याला आता काही वर्षं झाली. ओले गालिचे, मैत्रिणीच्या घरी मुलांना घेऊन काढलेल्या रात्री, हे सगळं पुसट झालंय. विम्याकडून पाहणीला आलेला माणूस मात्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. माहेरून, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून फोन आला की कुणी ना कुणी म्हणतंच, "तुमच्याकडे बरं आहे, सगळं नियमाने होतं." म्हणून हे लिहितेय.

फेब्रुवारी २०२१ ची ती थंडी. १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर टेक्सासमध्ये वीज जाऊ लागली आणि राज्यभरात ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. १६ ला पहाटे डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ अंशांवर उतरला. सावद्याला पारा आठच्या खाली गेला तरी माझे वडील, नाना, रात्री केळीला पाणी सोडतात, पहाटे बांधावर धूर करतात. टेक्सासमधली घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, पाण्याचे पाइप माळ्यावरून नेलेले. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो. बर्फ आत असेपर्यंत काहीच कळत नाही. तो वितळला की धार लागते. आमची धार दोन दिवसांनी भर दुपारी हॉलच्या वर लागली. लहानपणी धाब्याच्या घरात पहिल्या पावसात थेंब पडायला लागला की आई पातेलं लावायची आणि नाना वर जाऊन पांढरी माती टाकायचे. इथे अर्ध्या तासात छताचा जिप्सम बोर्ड ओल्या पुठ्ठ्यासारखा खाली आला.

नानांना फोन केला. पहिलं वाक्य, "पंचनामा होईपर्यंत काही फेकू नको." रावेर-यावलकडे केळी असलेल्या प्रत्येक घराला हे पाठ आहे. गारपीट झाली की ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं, आडवी झालेली झाडं तशीच राहू द्यायची आणि तलाठ्याची वाट बघायची. इथे मात्र अडचण होती. नुकसान वाढू न देणं ही घरमालकाचीच जबाबदारी असते, आणि ओल्या भिंतीत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून आम्ही आधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले, मग ओलं काढून टाकलं आणि प्रत्येक वस्तूचा एक-एक तुकडा गॅरेजमध्ये ठेवला. प्लंबरने कापलेला फाटका पाइपही जपून ठेवला.

नवव्या दिवशी अ‍ॅडजस्टर आला. अ‍ॅडजस्टर म्हणजे नुकसान मोजणारा, आपल्याकडे ज्याला सर्व्हेअर म्हणतात तो. मी दार उघडून इंग्रजीतच स्वागत केलं. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "इंग्रजी बोलणारं कुणी आहे का घरात?" नवरा पुढे आला आणि म्हणाला, "पॉलिसी तिच्या नावावर आहे, तिच्याशी बोला." तरी पुढचा प्रत्येक प्रश्न त्यालाच. बुटांवर घालायची प्लास्टिकची आवरणं मी पुढे केली, तर वेळ नाही म्हणाला आणि चिखलाच्या बुटांनी देवघरापर्यंत गेला. छताकडे बघून म्हणाला, "तुम्हा लोकांच्या स्वयंपाकाला वाफ फार असते, त्यानेच झालं असेल." फाटका पाइप दाखवला, त्याने हातात घेतला नाही. माळ्यावर चढलाच नाही. वीस मिनिटांत कागदावर लिहिलं, जुनी गळती.

हे दोन शब्द का महत्त्वाचे, ते सांगते. अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान घराचा विमा सहसा भरून देतो. हळूहळू झिरपून झालेलं देत नाही. एका शब्दावर सगळा दावा उलटतो.

रात्री मला रडू आलं ते पैशासाठी नव्हतं. तो निघाला तेव्हा दारात मी हसून त्याचे आभार मानले होते. हे हसू मी लहानपणापासून पाहिलंय. मोजणीला आलेल्या साहेबांसाठी निंबाखाली खुर्ची टाकलेली, खास दुधाचा चहा, आणि ज्याची हजार झाडं आडवी झालीत तो माणूस हात जोडून उभा. ज्याच्या हातात पेन, त्याला दुखवायचं नाही. हे आपण इतकं मुरवून घेतलंय की सात समुद्र ओलांडूनही ते माझ्या चेहऱ्यावर आपोआप आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात "उद्धट" हा शब्द चार वेळा होता, ते चारही काढले. ठेवली ती फक्त तारीख, आल्याची आणि गेल्याची वेळ, त्याने उच्चारलेली वाक्यं जशीच्या तशी आणि त्याने न पाहिलेल्या जागा. सोबत फोटो आणि प्लंबरचं लेखी मत. तीन गोष्टी मागितल्या: दुसऱ्या माणसाकडून फेरपाहणी, पॉलिसीची पूर्ण प्रत, आणि दावा नाकारायचा असेल तर कुठल्या कलमाखाली ते लेखी. टेक्सासच्या कायद्यानुसार कंपनीने दाव्याची दखल १५ दिवसांत घ्यायची असते. सगळी कागदपत्रं मिळाली की एरवी कामकाजाच्या १५ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, आणि नाही असेल तर कारणासकट. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार फुकट करता येते, तेही नमूद केलं. घरमालकाच्या बाजूने काम करणारा पब्लिक अ‍ॅडजस्टरही नेमता येतो. इथे त्याला दाव्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मेहनताना घेता येत नाही. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या वेळी एक बाई आल्या. न सांगता बुटांवर आवरणं चढवली, माझं नाव कसं उच्चारायचं ते विचारलं आणि शिडी लावून माळ्यावर गेल्या. खाली येऊन छताचा ठेवलेला तुकडा माझ्यासमोर धरला. "जुनी गळती असती तर डागाच्या आत डाग दिसले असते, वाळून पुन्हा भिजल्याचे. हा एकच आहे." दोन तास थांबल्या. दावा मंजूर झाला. पहिला चेक घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याची घट, कापून आला आणि त्यावर गृहकर्जाच्या बँकेचंही नाव होतं. उरलेली रक्कम दुरुस्तीची बिलं दाखवल्यावर मिळाली. आधीच्या माणसाबद्दल कंपनीने एवढंच कळवलं की तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. या उत्तराला मी माफी मानत नाही.

नानांनी ते पत्र फोनवर माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं, दोनदा. पुढच्या गारपिटीनंतर त्यांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. गट नंबर, तारीख, पाहणीची वेळ, मोजलेली झाडं, न मोजलेली झाडं, आणि खाली पाहणीला आलेल्या माणसाची सही.