कुत्र्याचे दहा दिवस सरले, पण लिहून देणार कोण?

शिमग्यात पालखी वाडीत आली आणि ढोलांना बिथरून आमच्या शेरूने शेजारच्या पोराच्या पोटरीला दात लावले. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि पोराला तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. लस त्याच दिवशी सुरू झाली. तिथे काहीच अडलं नाही.

शेरूला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं होतं. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधी. चावताना लाळेत असेल, तर दहा दिवसांत कुत्रा आजारी पडतोच. पोराचा काका "गोळी घाला त्याला" म्हणत होता. तसं होऊ देऊ नका. कुत्रा मेला की बघायचं काय? आणि कोकणात अंगणात बांधूनही चालत नाही, बिबट्या उचलून नेतो. शेरू रात्री माजघरात होता आणि घरच्यांची झोप उडाली होती.

पहिल्याच दिवशी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, रेबीजच्या लसीचं कार्ड पाहिलं, रजिस्टरात नोंद केली आणि म्हणाले, "बांधून ठेवा, खाणं सोडलं किंवा लाळ गळायला लागली तर लगेच कळवा." हातात मात्र काही दिलं नाही.

दहा दिवस सरले, शेरू भाकरीवर तुटून पडत होता. पण पोराच्या घरच्यांना कागद हवा होता, आणि त्यात त्यांची चूक नाही. ग्रामपंचायतीत गेलो तर उत्तर मिळालं, "हे आमच्याकडे नाही, दवाखान्यातून आणा." दवाखान्यात आधीचे डॉक्टर नव्हते. अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याच साहेबांकडे, ते दौऱ्यावर. पुन्हा गेलो तर मीटिंगला. शेवटी भेटले, शेरूकडे नजर टाकून म्हणाले, "मी याला आज बघतोय. दहा दिवस ठीक होता हे मी कसं लिहू?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच चीड आली. म्हटलं, रजिस्टर बघा. रजिस्टर कपाटात, किल्ली परिचराकडे, परिचर रजेवर! भर उन्हात शेरूला घेऊन तसाच परत. किल्ली आली त्या दिवशी नोंद पाच मिनिटांत सापडली. साहेबांनी लिहिलं: अमुक तारखेला तपासणीची नोंद आहे, आज तपासले असता कुत्रा निरोगी आढळला. जावक क्रमांक, शिक्का, सही. एवढ्याच दोन ओळी.

तेव्हा पहिल्या दिवशीच केस पेपर मागून घ्या, निदान नोंदीचा फोटो काढा. रोज तारखेसह कुत्र्याचा फोटो काढलात तर आणखी बरं. कोणी पोलिसांचं नाव काढलं तर उलट उत्तर देऊ नका: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावर सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मी गप्प राहिलो आणि लसीला पोराबरोबर जात राहिलो, त्याने अर्धी भांडणं मिटली.

हो, एक राहिलं. दहा दिवस संपेपर्यंत पोराची लस थांबवायची नाही. कुत्रा ठणठणीत निघाल्यावर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते आरोग्य केंद्रातले डॉक्टरच सांगतात. आणि त्या दहा दिवसांत कुत्र्याला रेबीजची लस टोचू नका. तो मलूल झाला तर लसीने की रोगाने, हेच कळत नाही.