एल्डन रिंगची ठोक्यावर येणारी अडखळ गेली, आता मोर्चा १४४ हर्ट्झकडे

गेल्या काही नोंदी जिच्यावर खर्ची पडल्या ती अडखळ, म्हणजे एल्डन रिंग हा गेम लॅपटॉपवर खेळताना चित्र क्षणभर गोठणं, अखेर सापडली. दोष ड्रायव्हरचा नव्हता, ग्राफिक्स कार्डाचा नव्हता आणि १६ जीबी रॅमचाही नव्हता. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सॉफ्टवेअर डिव्हाइसेस’ असा कप्पा आहे. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिव्हाइस असोसिएशन रूट एन्युमरेटर’ नावाची एक ओळ असते. ती डिसेबल करून मशीन रीस्टार्ट केलं आणि फ्रेमटाइमची (एक फ्रेम यायला लागणारा वेळ) रेघ १६.७ मिलिसेकंदांवर शांत झोपली. याआधी त्याच रेघेवर ठरावीक अंतराने ५०-६० मिलिसेकंदांचा सुळका उभा राहायचा, शत्रू समोर असो वा नुसतं गवत.

उपाय जुनाच आहे, एल्डन रिंग बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरचे गेम पीसीवर खेळणाऱ्यांमध्ये केव्हाचा फिरतोय. अडचण अशी की एल्डन रिंगमध्ये अडखळीचे किमान चार प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कुणी शेडर कॅशे (ग्राफिक्सच्या छोट्या प्रोग्रामांचा तयार साठा) पुसतो, कुणी ड्रायव्हर मागे नेतो, कुणी मोड टाकतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) सगळ्यांची ५८-५९ दिसते, म्हणून सगळं सारखंच वाटतं. सरासरीकडे बघूच नका. आरटीएसएस या फ्रेम मोजणाऱ्या आणि रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमटाइमचा आलेख ओव्हरलेवर लावा आणि सोबत कॅपफ्रेमएक्सने रेकॉर्डिंग ठेवा.

मोजायची वाट कायम एकच असावी. इथे ती गेममधल्या ‘द फर्स्ट स्टेप’ ते चर्च ऑफ एल्ले आणि तिथून गेटफ्रंट, टॉरंटवर (गेममधला घोडा), न थांबता. निघण्याआधी ग्रेसवर (विसाव्याच्या जागी) बसून वेळ दुपारची करून घ्यायची, कारण रात्रीच्या सावल्या आणि दुपारच्या सावल्या कार्डावर सारखा भार टाकत नाहीत. पाऊस आला तर ते रेकॉर्डिंग बाद.

आता सुळक्यांचा स्वभाव. तो घड्याळासारखा ठोक्यावर येत असेल आणि कॅमेरा भिंतीकडे फिरवून उभं राहिलं तरी येतच असेल, तर कारण गेमच्या बाहेरचं असतं. एन्युमरेटर हा त्यातला पहिला संशयित. दुसरे संशयित म्हणजे आरजीबी दिव्यांचं सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ‘कंट्रोल सेंटर’. नवा भाग उघडताना किंवा बॉसने (मोठ्या शत्रूने) एखादा हल्ला पहिल्यांदा केल्यावर अडखळ येते आणि दुसऱ्यांदा येत नाही, तर ती शेडरची. तिथे एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशेची मर्यादा १० जीबी करून ठेवणं एवढंच हातात असतं. २०२२ मध्ये गेम आला तेव्हा याच कामात स्टीम डेक (व्हॉल्व्हचा हातातला गेमिंग पीसी) विंडोजवाल्या दणकट पीसींपेक्षा गुळगुळीत चालत होता, कारण व्हॉल्व्हने त्यांच्या बाजूने दुरुस्ती केली होती. साध्या विंडोजवाल्यांच्या वाट्याला ती आली नाही. ही तक्रार जुनी असली तरी न्याय्य आहे.

कॅमेरा गरकन फिरवला की झटका, आणि ओव्हरलेवर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबीच्या काठाला टेकलेली, तर टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) खाली आणा. सावल्या किंवा गवत कमी करून हा झटका जात नाही. टेक्श्चर ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणलं की जातो.

चौथा प्रकार आपल्या इंदूरचा. पहिली १५ मिनिटं सगळं ठीक, मग फ्रेमटाइम हळूहळू जाड होत जातो आणि तसाच राहतो. ही उष्णता. आय५-११४००एच प्रोसेसर १०० अंशांना टेकला की स्वतःच क्लॉक (वेग) पाडतो. मे महिन्यात बाहेर ४२ आणि खोलीत ३५-३६ असेल, तर पातळ गेमिंग लॅपटॉपला करायला दुसरं काही उरतही नाही. बहुतेक बनावटींमध्ये या प्रोसेसरचं अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करणं) बायॉसमधूनच बंद असतं, म्हणून त्या नादाला लागू नका. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरच्या टीपीएल खिडकीत प्रोसेसरच्या विजेच्या मर्यादा, पीएल१ (सततची) ३५ वॅट आणि पीएल२ (थोड्या वेळाची) ४५ वॅट करा. एल्डन रिंग एरवी ६० च्या वर जातच नाही, त्यामुळे ४.५ गिगाहर्ट्झ टर्बोचा उपयोग फक्त पंखे ओरडवण्यापुरता आहे. काही जण पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसर ९९ टक्क्यांवर आणतात. त्याने टर्बो पूर्ण बंद होऊन क्लॉक २.७ वर बसतो आणि लेंडेलमध्ये (गेममधली राजधानी) नव्या अडखळी जन्माला येतात. ते नको.

कूलरसमोर लॅपटॉप ठेवावा का, अशी मागे विचारणा झाली होती. कोरड्या मे महिन्यात खोलीचं तापमान कूलर खरंच उतरवतो, पण लॅपटॉप थेट त्याच्या झोतात ठेवू नका. कूलरच्या गवताचा भुसा, धूळ आणि ओल मिळून पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये एक करडी, नमद्यासारखी पट्टी बसते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आणखी घट्ट होते. मागचं झाकण उघडायचं, पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचलायचा आणि चिमट्याने ती पट्टी एका ओढीत काढायची. सबंध निघते तेव्हा मिळणारं समाधान काही बॉस मारूनही मिळत नाही. पावसाळ्यात कूलरचा काही उपयोग नाही, नुसता दमटपणा वाढतो.

प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या पेस्टचं म्हणाल तर उघड्या डायवर (चिपवर) साधी पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला सरकते. हनीवेलची पीटीएम७९५० शीट त्याला उत्तर आहे. ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होऊन पसरते आणि पुढे जागची हलत नाही. लावण्याआधी १०-१५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर फिल्म सोलताना शीटही सोबत येते. मे महिन्यात कुरियरने मागवाल तर पाकिटात आधीच चिकटलेली मिळण्याची शक्यता धरून चाला. आणि स्वस्तातली ‘अस्सल’ शीट विकणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांपासून लांब राहा. एकाकडून आलेली शीट नुसता राखाडी रबर होता.

रॅमबाबत एवढंच: सिल्व्हर मॉलमध्ये दुसरी ८ जीबी पट्टी घेताना फक्त ‘३२०० डीडीआर४’ म्हणून उचलू नका. लेबलवर ‘वन आर बाय एट’ आहे की ‘वन आर बाय सिक्स्टीन’ ते वाचा. ‘बाय सिक्स्टीन’वाली हळू असते आणि किमतीत फरक नावापुरता असतो.

आता मूळ वादाकडे, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी चाललाय: मार बसतो तो गेमच्या अन्यायामुळे की मशीनमुळे? ‘मार्गिट (गेमच्या सुरुवातीचा बॉस) अन्याय करतो’ ही तक्रार अर्धी डिझाइनची आणि अर्धी मशीनची. डिझाइनची बाजू अशी की मार्गिट काठी उचलून हवेत रोखून धरतो आणि घाबरून रोल (वार चुकवायची लोळण) केला की त्या रोलच्या शेवटावर ती हाणतो. हे मुद्दाम आहे, आणि माझ्या मते चांगलं आहे. काठी हलेपर्यंत थांबायला शिकवणारा पहिलाच मास्तर आहे तो. पण याच्या खाली एक गोष्ट दडलेली आहे. एल्डन रिंगमध्ये रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण दाबून धरलं की धावणं. बोट रेंगाळलं की तेवढा उशीर आपल्या खात्यावर चढतो. त्यात व्हीसिंकच्या (फ्रेम पडद्याच्या तालावर दाखवणं) रांगेतल्या फ्रेम मिळवा, ब्लूटूथ कंट्रोलर मिळवा आणि वर तो ५० मिलिसेकंदांचा सुळका. मग डोळ्यांनी बरोबर वेळ पकडूनही मार बसतो.

म्हणून बटण टिचकीसारखं मारा. खालून झाडू मारल्यासारखा वार आला तर रोलऐवजी उडी, कारण उडी दाबताक्षणी होते आणि पाय वाचतात. अंगावरच्या सामानाचं वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढे जड रोल, आणि जड रोलवर मार्गिट करणं म्हणजे उपास करून पंगत वाढणं. त्याच कंपनीच्या सेकिरो गेममध्ये डॉज (वार चुकवणं) दाबताक्षणी होतो, म्हणून तो गेम ‘कडक पण सरळ’ वाटतो. तिथे डिफ्लेक्टचं (वार परतवण्याचं) बटण बडवलं की अचूक वेळेची खिडकी आकसत जाते, हा दंडही दिसण्याजोगा आणि समजण्याजोगा आहे.

शिवाय सेकिरोत पॉझ आहे. एल्डन रिंगमध्ये नाही, आणि ज्या गावात उन्हाळ्यात लाइट केव्हाही जाते तिथे ही काही तात्त्विक चर्चा नव्हे. इन्व्हर्टर असला तरी लॅपटॉप क्षणभर बॅटरीवर जातो आणि कार्डाची वीज कापली जाते. तोड अशी: मेनू उघडा, हेल्प, मग ‘मेनू एक्स्प्लनेशन’. त्या पाटीवर गेम थांबतो. हे जमत असताना पॉझ का देत नाहीत, हे फ्रॉमसॉफ्टवेअरवालेच जाणोत.

सिल्कसाँग या गेमचा (सप्टेंबर २०२५) ‘फार अवघड’ असल्याचा वाद वेगळ्या जातीचा, तिथे मशीनला दोष देता येत नाही. सुरुवातीला मास्क (जीव) ५ आणि कितीतरी फटके दोन-दोन मास्कचे, म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. बाइंडने (स्वतःला बरं करण्याने) तीन मास्क परत येतात, त्यातले दोन पुढचाच फटका खातो. पहिल्या पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस जरा सौम्य केले. माझ्या लेखी गरज बॉस सौम्य करण्याची नव्हतीच, नुसत्या स्पर्शाचे दोन मास्क कापायची होती.

१४४ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताजा होणाऱ्या पडद्याचं काय? अडखळ गेली तरी कॅमेरा फिरवताना बारीक थरथर उरली आहे. हिशोब सोपा आहे. १४४ ला ६० ने भागलं की २.४. म्हणजे व्हीसिंक चालू असताना काही फ्रेम दोन रिफ्रेश (१३.९ मिलिसेकंद) टिकतात आणि काही तीन (२०.८). व्हेरिएबल रिफ्रेशचा (फ्रेमप्रमाणे दर बदलणारा) पॅनेल असेल तर हा प्रश्न नाही. गेम फुलस्क्रीनमध्ये पडदा ६० हर्ट्झवर ओढतो, तिथेही थरथर दिसत नाही, पण इनपुट लॅग (बटणाचा उशीर) वाढतो. बॉर्डरलेसमध्ये डेस्कटॉपचाच दर राहतो. बेत असा होता की आधी पीटीएम शीटचं काम उरकायचं आणि मग सीआरयू (पडद्याचे दर बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून १२० हर्ट्झचा कस्टम दर बनवायचा: पॅनेलची मूळ टायमिंग तशीच ठेवून फक्त रिफ्रेश १२० करायचा, सोबतची रीस्टार्ट फाइल चालवायची, आणि पडदा काळाच राहिला तर एचडीएमआयला टीव्ही लावून रीसेट फाइल चालवायची. १२० वर ६० बरोबर दोन रिफ्रेशमध्ये बसतात.

हे लिहिता लिहिता क्रम उलटा करावासा वाटतोय. १२० वर ४० सुद्धा नेमके बसतात, तीन रिफ्रेश, २५ मिलिसेकंद. ६० चे १६.७ आणि ३० चे ३३.३, यांच्या बरोब्बर मध्ये. म्हणजे उन्हाळ्यात भटकंती ४० वर आणि बॉसच्या दारातल्या धुक्यापाशी पोचलं की ६०. आरटीएसएसच्या हॉटकी हँडलर प्लगिनमध्ये लिमिट बदलायचं बटण नेमता येतं, त्यामुळे मेनूत शिरायचीही गरज नाही. ४० वर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही गार राहिले, तर शीट लावायचं काम पावसाळ्यावर ढकलता येईल, तेव्हा ती पाकिटात वितळणारही नाही. तेव्हा आधी सीआरयू. तेच गेटफ्रंटपर्यंतचं रेकॉर्डिंग ४० आणि ६० दोन्हींवर, दुपारी तीनला, कूलर बंद ठेवून.

एन्युमरेटर बंद केलेल्यांनी एक तपासून सांगा: नवा ब्लूटूथ कंट्रोलर किंवा वायरलेस प्रिंटर जोडताना अडतं का? अडलं तर ती ओळ तेवढ्यापुरती एनेबल करून जोडणी उरका. आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती परत चालू झालेली नाही ना, हेही बघा.