कोलमारला जाणार असाल तर इसेनहाइमच्या वेदीचित्रासाठी अर्धा दिवस ठेवाच

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेलो होतो तेव्हा एक दिवस काढून कोलमारला जाऊन आलो, फक्त जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्डचं हे वेदीचित्र बघायला, म्हणजे चर्चच्या वेदीवरचं, दारांसारखं उघडणारं बऱ्याच पॅनल्सचं चित्र. ट्रेनने साधारण अर्धा-पाऊण तास, स्टेशनपासून उंटरलिंडन म्युझियम चालत पंधरा-वीस मिनिटं. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून तारीख ठरवा, आणि डिसेंबरात ख्रिसमस मार्केटमुळे गावात तुफान गर्दी असते, शांतपणे बघायचंय तर तो महिना नकोच.

म्युझियम म्हणजे जुना नन्सचा मठ, त्याच्या चॅपलमध्ये पॅनल्स सुटी करून उभी केलीयत. क्रूसावरचा ख्रिस्त फोटोत कितीतरी वेळा बघितला होता, तरी समोर आला आणि पाय थबकलेच. आधी हात बघा. बोटं आकडी आल्यासारखी ताठ, वर पसरलेली. मग कातडी, हिरवट, अंगभर जखमा आणि त्यात रुतून राहिलेले काटे.

हे असं का, ते कळायला मूळ जागा माहीत हवी. 1512 ते 1516 च्या दरम्यान हे रंगवलं ते इसेनहाइमच्या अँथनी संप्रदायाच्या मठासाठी, आणि तिथले साधू 'सेंट अँथनीची आग' झालेल्यांची सेवा करायचे. राय धान्यावरच्या अर्गट बुरशीमुळे व्हायचं ते, हातापायांची आग, आकड्या, मग बोटं काळी पडून झडायची, कित्येकांचा पाय कापावा लागायचा. अशा रोग्यांना या चित्रापुढे आणायचे. खालच्या पट्टीत ख्रिस्ताचं प्रेत आहे, ती पट्टी मधून सरकवून उघडली की त्याचे पाय गुडघ्यापासून वेगळे होतात.

माझ्या बाबांचं डायबेटिसमुळे पायाचं बोट काढलं तेव्हा आम्ही घरातले सगळे त्यांच्या पायाकडे न बघता बोलायचो, चांगलं वाटावं म्हणून. त्या पट्टीपुढे मला ते फार आठवलं, कारण इथे कोणी नजर वळवलेली नाही, देवाचंच अंग रोग्यासारखं करून ठेवलंय. मला वाटतं त्या माणसांना यातून जो आधार मिळाला असेल तो गोड-गोड चित्रांतून मिळाला नसता.

घाई करू नका, दोन तास तरी हवेत. भिंतीवर छोटी मॉडेल्स आहेत, दारं कशी उघडायची ते त्यात आधी समजून घ्या, नाहीतर क्रमच लागत नाही. पॅनल्सच्या मागच्या बाजूलाही चित्रं आहेत, बरेच जण तिकडे न जाताच परत फिरतात. पुनरुत्थानाच्या पॅनलमध्ये तीच कातडी स्वच्छ, उजळ झालीय, ते क्रूसानंतरच बघा.

शेवटी संत अँथनीला राक्षस छळतायत त्या पॅनलशी या. डाव्या कोपऱ्यात खाली पोट फुगलेला, अंगभर फोड आलेला एक जण पडलाय, आणि उजव्या कोपऱ्यात कागदाचा तुकडा रंगवलाय, थोडं वाकावं लागतं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय: भल्या येशू, कुठे होतास तू, माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस?