रिटर्न डक्टचा सुटलेला सांधा

आम्हाला येणारे फोन बहुतेक एकाच मागणीचे असतात: डक्ट, म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या वाहिन्या, साफ करून द्या. त्या बाईंचं म्हणणं मात्र उलटं होतं. "डक्ट साफ करून झालेत हो, काही महिन्यांपूर्वीच. तरी एसी लावला की कुबट वास सुटतो आणि मुलगा रात्रभर खोकतो. आता अजून काय साफ करायचं?"

अशा घरी गेलो की मी यंत्रं गाडीतच ठेवतो. आधी एसी बंद करून थोडा वेळ थांबायचं, मग चालू करून पहिल्या झोताचा वास घ्यायचा. इथे वास सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच आला, तोही सगळ्या खोल्यांत सारखा. डक्टच्या एखाद्या फाट्यात काही मरून पडलं असतं तर एकाच ग्रिलमधून, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या एकाच जाळीतून, वास आला असता. सगळीकडे एकदम येतोय म्हणजे मूळ मशीनजवळ असणार.

तरी मुलाच्या खोलीतलं ग्रिल काढून बॅटरी मारली. पत्रा आतून चकचकीत होता, त्यावर अगदी पातळ धूळ. एवढी धूळ कुठल्याही डक्टमध्ये असते, पत्र्याला धरून बसते, त्रास देत नाही. म्हणजे आधीच्या लोकांनी ब्रश नीट मारला होता, त्यात खोट नव्हती. मग पॅसेजमधल्या फॉल्स सिलिंगचं झाकण उघडून मशीनपर्यंत पोचलो. कॉइलच्या, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या, बाजूच्या झाकणावर, स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा, रंगाचा थर अखंड होता. मशीन बसवल्यापासून ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं.

उघडलं तर कॉइलच्या खालच्या अर्ध्या भागावर धुळीची जाड करडी गादी. खालच्या ड्रेन पॅनमध्ये, म्हणजे कॉइलचं पाणी झेलणाऱ्या तसराळ्यात, पाणी साचलेलं, वर तपकिरी साय. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड बुळबुळीत गाळाने बंद. पलीकडे पत्र्याला आतून लावलेलं फायबरग्लासचं अस्तर बोटाला ओलं लागलं आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके पसरले होते. थंड कॉइलवर हवेतली वाफ धरते, ते पाणी पॅनमध्ये उतरून निघून जायला हवं. ते अडलं आणि धूळ भिजत राहिली, की बुरशीला दुसरं काही लागत नाही. पंखा सुरू झाला की पहिला झोत तिथूनच निघत होता.

"मग औषध फवारून टाका ना," साहेब म्हणाले. हे सगळेच विचारतात आणि फवारून पैसे घेणारेही भरपूर आहेत. मी फवारत नाही. ओल्या, घाणेरड्या अस्तरावर फवारलेलं औषध आतपर्यंत पोचत नाही, वर जे उडतं ते त्याच हवेतून मुलाच्या खोलीत जातं. भिजलेलं फायबरग्लास धुऊन साफ होत नाही, कापून बदलावंच लागतं.

पण मला छळत होता तो फिल्टर. हॉलच्या रिटर्न ग्रिलमधला (तिथून घरातली हवा रिटर्न डक्टने मशीनकडे परत ओढली जाते) फिल्टर नवा होता, नीट बसलेला होता, बाई तो वेळच्या वेळी बदलत होत्या. मग कॉइलवर एवढी धूळ आली कुठून? फिल्टरनंतर आणि कॉइलच्या आधी कुठूनतरी हवा आत शिरत असणार, दुसरी शक्यताच नाही. माझा मदतनीस टिश्यू पेपरची पट्टी घेऊन सिलिंगच्या पोकळीत सरकला. पंखा चालू ठेवला. त्याने पट्टी रिटर्न डक्टच्या सांध्यांवरून फिरवत नेली आणि एका ठिकाणी ती त्याच्या हातातून सुटून आत ओढली गेली. "दादा, इथे हात जाईल एवढी फट आहे!"

सांध्याला कापडी टेप गुंडाळली होती, ती वाळून लोंबत होती. ही टेप डक्टवर टिकत नाही, हे आम्ही रोज बघतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्येच चाचण्या घेऊन ते दाखवलं होतं. फटीभोवती बांधकामाचा जुना भुगा आणि उंदरांच्या लेंड्या. रिटर्न डक्ट सतत हवा ओढत असतो, त्यामुळे हॉलची हवा फिल्टरमधून गाळून येत होती आणि सिलिंगमधली न गाळता. साहेबांना शिडीवर चढवून ती फट दाखवली. ते काही बोलले नाहीत, उतरून मुलाच्या खोलीचं ग्रिल पुन्हा एकदा बघून आले.

मग यंत्रं वर आणली. पंखा बंद. लेंड्यांवर आधी ओलावा मारून मगच उचलल्या, कोरड्या झाडल्या तर ती धूळ नाकात जाते. अंगावर हातमोजे आणि एन-९५ मास्क. सांधा स्क्रूने आवळून मॅस्टिक, म्हणजे फट बुजवणारा घट्ट लेप, लावलं, वर अॅल्युमिनियमची टेप. त्यानंतर ग्रिल्स प्लास्टिकने बंद करून मोठा व्हॅक्यूम रिटर्न डक्टला जोडला. त्याला हेपा फिल्टर असतो, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा; तो नसेल तर डक्टमधली घाण घरातच पसरते. कॉइल आधी कोरडी ओढून, मग पाकळ्यांच्या दिशेने मऊ ब्रशने. पॅन घासला, नळी ओढून मोकळी केली आणि बाटलीभर पाणी ओतून ते बाहेर पडताना बाईंना दाखवलं. अस्तर दुसऱ्या दिवशी येऊन बदललं, या वेळी पाणी न शोषणाऱ्या फोमचं.

"आता हे दरवर्षी करायचं ना?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचंही म्हणणं हेच आहे, की नुसते डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. डोळ्यांना बुरशी दिसली, उंदीर-किडे शिरले किंवा ग्रिलमधून धूळ उडायला लागली, तर साफ करा. ठरावीक वेळाने बघायचं ते पाणी. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र घरात ठेवायला सांगितलं, साठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, तीस ते पन्नास उत्तम. आणि मुलाला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, कारण खोकला थांबेल असा शब्द मी कुणालाच देत नाही.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. वास गेला होता, पाणी नीट निघत होतं. खोकलाही उतरला होता, पण दरम्यान डॉक्टरांनी औषध बदललं होतं, त्यामुळे तो कशाने उतरला हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि मलाही नाही.