तुम्ही विचारलंत म्हणून : फिरायला गेल्यावर लागण होते का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो एका वयस्कर शेजाऱ्यांनी, आणि तोही लिफ्टमध्ये. सकाळच्या फेरीला निघालेल्या त्या गृहस्थांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून काळजीच्या स्वरात म्हटले, "रस्त्यावर इतकी माणसं समोरून येतात, त्यांच्याकडून काही लागणार तर नाही ना हो?" लिफ्टचे दार बंद होते, पंखा चालत नव्हता, आत आम्ही चौघे होतो, आणि त्यांच्या तासाभराच्या फेरीतली सर्वांत शंकास्पद जागा नेमकी तीच होती. हे त्यांना तिथल्या तिथे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानंतर हाच प्रश्न नातेवाइकांनी, सहकाऱ्यांनी आणि बरोबर फिरणाऱ्या मंडळींनी इतक्यांदा विचारला आहे, आणि कुठल्याही नव्या विषाणूची बातमी आली की तो इतक्या नियमाने पुन्हा येतो, की एकदा नीट लिहून ठेवणे बरे असे वाटू लागले.

मी डॉक्टर नाही. इमारतींमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणांची आखणी करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझे उत्तर हवेच्या अंगाने येते, आणि ते असे : मोकळ्या जागी चालत असताना, समोरून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडून श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूची लागण होण्याची शक्यता शून्य नाही, पण ती इतकी कमी आहे की तिच्यापायी चालणे सोडून घरात बसणे मला कधीच पटलेले नाही. एवढ्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान क्वचितच होते, म्हणून त्यामागचे कारणही सांगते.

बोलताना, खोकताना, इतकेच काय पण नुसता श्वास सोडतानाही आपल्या तोंडा-नाकावाटे ओलसर कण बाहेर पडतात आणि त्यांच्या आकारांत प्रचंड तफावत असते. सुमारे १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब तोंडाच्या उंचीवरून काही सेकंदांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला मात्र तेवढेच अंतर खाली यायला, हवा अगदी स्थिर असेल तर, अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. बारीक थेंब जमिनीवर पोहोचण्याआधीच वाळतो आणि त्याचा उरलेला गाभा हवेत तरंगत राहतो, हे विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३४ मध्येच मांडले होते. 'तरंगत राहतो' हे दोन शब्द ऐकले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे रस्ताभर साचून राहिलेला विषाणूंचा अदृश्य ढग येतो. पण साचण्यासाठी भिंती आणि छत लागते. बंद खोलीत तरंगणाऱ्या कणाला जायला जागा नसते, तेव्हा प्रत्येक श्वासागणिक तिथला साठा वाढत जातो. उघड्यावर तोच कण पाहता पाहता इतक्या हवेत मिसळतो की त्याचा माग काढणेही कठीण व्हावे. सिगारेटच्या धुराचा अनुभव प्रत्येकाला असतो. खोलीत कोणी सिगारेट ओढली तर तासाभराने आत येणाऱ्यालाही वास येतो, आणि रस्त्याने जाताना तोच धूर ओढणाऱ्याच्या पाठोपाठ चालले तरच जाणवतो, तोही झुळूक येईपर्यंत.

यात वेळेचाही हिशेब आहे आणि तो लोक सहसा करत नाहीत. माणूस साधारणतः तासाला पाच किलोमीटर या गतीने चालतो, असे धरले तर समोरासमोर येणारी दोन माणसे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वेगाने एकमेकांजवळ येतात आणि त्याच वेगाने एकमेकांपासून दूर जातात. म्हणजे ती परस्परांच्या दोन मीटरच्या टप्प्यात जेमतेम दीड सेकंद असतात, आणि तेवढ्या वेळात चालणाऱ्याचा फार तर अर्धा श्वास होतो. लागण होण्यासाठी विषाणूची काही एक मात्रा शरीरात जावी लागते. मोकळ्या हवेत विरळ झालेल्या त्या अर्ध्या श्वासातून ती जाणे फारच दुरापास्त आहे. आता ऊन असले तर बरे का, असे पुष्कळजण विचारतात. प्रयोगशाळेत सूर्यप्रकाशासारखा प्रकाश पाडून केलेल्या प्रयोगात हवेतल्या कणांमधला ९० टक्के करोना विषाणू वीस मिनिटांच्या आत निष्प्रभ झाला होता, त्यामुळे उन्हाचा उपयोग आहेच. पण खरे श्रेय वाऱ्याला द्यावे लागते, कारण उन्हाला मिनिटे लागतात आणि वाऱ्याचे काम काही सेकंदांत उरकते. रात्री फिरणाऱ्यांनी उन्हाअभावी घाबरण्याचे कारण नाही.

हे सगळे कागदावरचे गणित झाले, प्रत्यक्षात काय घडले, असे कोणी विचारले तर तेही योग्यच आहे. २०२० च्या पहिल्या आठवड्यांत चीनमध्ये नोंदवलेल्या रुग्णांपैकी ज्यांची पुरेशी माहिती उपलब्ध होती अशा ७,३२४ जणांची छाननी संशोधकांनी केली, तेव्हा उघड्यावर लागण झाल्याचा एकच प्रसंग आणि त्यातले दोन रुग्ण त्यांना सापडले; तोही ओझरत्या भेटीचा प्रसंग नव्हता, वूहानहून परतलेल्या माणसाशी उभे राहून केलेल्या संभाषणाचा होता. आयर्लंडमध्ये २०२१ च्या वसंतापर्यंत नोंदल्या गेलेल्या २,३२,१६४ रुग्णांपैकी २६२ जणांचाच संबंध उघड्यावरील लागणीशी जोडता आला, म्हणजे हजारात साधारण एक, आणि त्यांत बांधकामाच्या जागांवरचे रुग्णही होते. या आकड्यांना मी फार ताणत नाही. रस्त्यावर ओझरत्या भेटलेल्या अनोळखी माणसाचा छडा लावणे अवघड असते, त्यामुळे अशी काही प्रकरणे नोंदीतून निसटली असणार हे उघड आहे. तरीही बंद जागेतले प्रसंग शेजारी ठेवले की तफावत इतकी मोठी दिसते की निसटलेल्या नोंदींनी ती भरून निघणे अशक्य वाटते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाचे ६१ जण अडीच तासांच्या सरावासाठी एकत्र जमले होते. त्यांतल्या एकाला लक्षणे होती, आणि पुढच्या काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले, दोघे दगावले.

मग एवढे असताना भीती रस्त्याचीच का बसली, हा मला मूळ प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटणारा प्रश्न आहे. त्या काळात अनेक देशांच्या सरकारांनी जे केले त्यातून लोकांना धडा मिळाला तो हाच की घराबाहेर पडणे म्हणजे धोका. दक्षिण आफ्रिकेत मार्च २०२० च्या अखेरीपासून एप्रिल संपेपर्यंत फिरायला किंवा धावायला बाहेर पडण्यावर पूर्ण बंदी होती. स्पेनमधली मुले सहा आठवडे घराबाहेर पडू शकली नाहीत. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि तासाभरासाठीच, तेही सही केलेले प्रतिज्ञापत्र खिशात ठेवून, फिरता येत असे. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्याच्या पोलिसांनी टेकड्यांवर एकट्या-दुकट्याने फिरणाऱ्यांचे ड्रोनमधून चित्रण करून ते लोकांना दाखवले होते. गर्दी एकत्र जमू नये हा यामागचा हेतू मी समजू शकते, आणि सुरुवातीला कोणालाच काही नक्की ठाऊक नव्हते हेही खरे. पण कुलूप लावलेले उद्यान रोज पाहणारा माणूस त्यातून हेतू वाचत नाही, उद्यानात विष आहे एवढेच वाचतो.

त्यातच एप्रिल २०२० मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या वायुगतिकीच्या अभ्यासकांचे एक संगणकीय चित्रण जगभर फिरले. पुढे चालणाऱ्या किंवा धावणाऱ्या माणसाच्या तोंडातून निघालेले थेंब त्याच्या पाठीमागच्या झोतात कसे राहतात, हे त्यात रंगीत ठिपक्यांनी दाखवले होते, आणि झपाट्याने चालणाऱ्याच्या मागे चार-पाच मीटर, धावणाऱ्याच्या मागे दहा मीटर, तर वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराच्या मागे वीस मीटर अंतर ठेवावे असे सुचवले होते. थेंब कुठपर्यंत जातात एवढेच त्या अभ्यासाने तपासले होते. त्यातून लागण होते का, हा त्याचा विषयच नव्हता, आणि तज्ज्ञांकडून तपासून घेण्याआधीच तो प्रसिद्ध झाला होता. पण ते रंगीत ठिपके ज्याने एकदा पाहिले त्याच्या मनातून पुसणे कठीण झाले. दुसरीकडे, २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले होते. बंद आणि कोंदट जागांत तो हवेतून पसरू शकतो, हे तिच्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत यायला २०२१ चा एप्रिल संपत आला. मधल्या वर्षभरात लोक पिशव्या धूत राहिले, बाकांवर फवारणी करत राहिले आणि खिडक्या लावून घेऊन आत सुरक्षित बसल्याचे समाधान मानत राहिले. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने यासारखी खंत दुसरी नाही.

पण सगळा दोष संस्थांवर ढकलून मी मोकळी होऊ शकत नाही, कारण आम्हा सगळ्यांना आधीच एक सवय होती : आपण भीती माणसांना चिकटवतो आणि तीही अनोळखी माणसांना. माझेच सांगते. वीस वर्षे हवेच्या अदलाबदलीचे हिशेब करणारी मी, २०२० मध्ये समोरून कोणी आले की रस्ता ओलांडत असे, खोकला ऐकू आला की श्वास रोखून धरत असे आणि घरी आल्यावर बुटांचे तळवे पुसत असे. पुढच्या वर्षी एका लग्नाला जायचे म्हणून बहीण, मेहुणे आणि भाचा यांच्याबरोबर मी अडीच तास मोटारीतून प्रवास केला. पाऊस होता, म्हणून काचा वर होत्या आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबलेले होते. आपलीच माणसे म्हणून आम्ही मास्क काढून ठेवले आणि वाटभर बोलत होतो. मेहुण्यांना सकाळपासून घसा खवखवत असल्याचे त्यांनी परतल्यावर सांगितले. आठवड्याच्या आत आम्ही चौघेही अंथरुणाला खिळलो होतो.

त्यानंतर मी कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक छोटा मीटर खिशात बाळगू लागले. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते, तर आपण सोडलेल्या श्वासात ते ४०,००० च्या घरात असते. त्यामुळे एखाद्या खोलीत मीटरने १,२०० हा आकडा दाखवला, तर आपल्या छातीत जाणाऱ्या हवेचा सुमारे पन्नासावा हिस्सा कोणाच्या तरी फुप्फुसांतून नुकताच जाऊन आलेला आहे, असे समजावे. काचा वर असलेल्या त्याच मोटारीत चौघे बसल्यावर दहा मिनिटांत आकडा दोन हजारांपलीकडे गेलेला मी पाहिला आहे. फिरण्याच्या वाटेवर, रविवारच्या भर गर्दीतसुद्धा, तो मूळ आकड्याच्या आसपासच रेंगाळतो. हा मीटर विषाणू मोजत नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते. पण उसना श्वास किती, एवढे तो बिनचूक सांगतो, आणि तो दाखवल्यानंतर मला फारसे बोलावे लागत नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फेरी संपल्यावर एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून अर्धा तास गप्पा मारणे, वारा पडलेला असताना दाटीवाटीच्या रांगेत किंवा सभेत उभे राहणे, आजारी माणसाशी तोंडाजवळ तोंड नेऊन बोलणे, ही सगळी उघड्यावर घडत असली तरी दीड सेकंदाच्या हिशेबात बसत नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधोपचारांमुळे खालावलेली आहे त्यांनी अशा ठिकाणी मास्क लावला तर त्यांना हसण्याचे काही कारण नाही. ज्याला स्वतःलाच ताप-खोकला आहे त्याने बरे वाटेपर्यंत एकट्याने फिरावे, किंवा न फिरावे.

आणि ज्यांना चालताना विषाणू गाठेल अशी खरोखरच काळजी वाटते त्यांनी ती थोडी खाली, पायांकडे वळवावी, असे मी अर्धे थट्टेने आणि अर्धे गंभीरपणे म्हणते. डेंग्यूचा विषाणू पसरवणारा एडिस डास दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी, म्हणजे बरोबर आपल्या फिरण्याच्या वेळी चावतो. रेबीजही विषाणूच आहे. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी जवळपास सर्व प्रकरणांच्या मुळाशी कुत्र्याचा चावा किंवा ओरखडा असतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून माणूस वाचणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. समोरून येणाऱ्या माणसाला टाळण्यासाठी रस्ता ओलांडणारी मंडळी पोटरीवर बसलेला डास झटकण्याची तसदी घेत नाहीत आणि कुत्र्याने ओरखडा काढला तर घरी जाऊन हळद लावतात. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला जाणे, हे फिरणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

शेजाऱ्यांचे उत्तर मात्र बरेच दिवस माझ्याकडे थकले होते. शेवटी एका सकाळी खाली पोहोचून दार उघडल्यावर, मोकळ्यावर दहा पावले चालून मी त्यांना सगळे सांगितले. रस्त्याची भीती सोडा, पण लिफ्टमध्ये गर्दी असेल तर पुढच्या खेपेची वाट पाहा आणि आत असेपर्यंत मास्क नाकावर असू द्या, असेही म्हटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये मास्क नाकावर आणि रस्त्यावर खिशात असा क्रम सुरू केला, आणि आता ते मला भेटले की लिफ्टचा पंखा दुरुस्त करण्यासाठी सोसायटीकडे तुम्हीच अर्ज का करत नाही, असे विचारतात.