खरं-खोटं वही, नोंद ९ : पापणी सोडली, जिना धरला

मंडळी, सात आठवडे नोंद टाकली नाही, कारण टाकण्यासारखं हातात काही नव्हतं. आता आहे, पण ते नोंद ८ मध्ये मी ठासून लिहिलेल्या गोष्टीच्या नेमकं उलट आहे. म्हणून आधी ती मागे घेतो. नव्यांसाठी आपला खेळ एका ओळीत : एकाने डब्यातून चिठ्ठी उचलायची, तिच्यावर ‘खरं’ की ‘खोटं’ असेल तसा प्रसंग सांगायचा, आणि बाकीच्यांनी त्याचा चेहरा काढून अंदाज बांधायचा. तर, खालच्या पापणीचा नियम (हसताना ती फुगली नाही, तर सांगणारा खोटं बोलतोय) चालत नाही. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी पापण्यांचे कागदच्या कागद भरले, त्यांचा हात त्या सरावाने नक्की सुधारला असेल. खोटं ओळखायला मात्र त्याचा उपयोग नाही.

आधी आकडे. नोंद ६ पर्यंत मी ‘दहात सात बरोबर’ असं लिहीत होतो, आणि ते सगळं आठवणीवरून होतं. बरोबर आलेला अंदाज लक्षात राहतो, चुकलेला विरून जातो. नोंद ७ पासून नियम बदलला : चिठ्ठी उघडण्याआधी स्केचखाली पेनाने अंदाज लिहायचा, खाडाखोड नाही. बाकी खेळ तोच, डब्यातली चिठ्ठी, तीन मिनिटांचा प्रसंग, तीन मिनिटांचं स्केच. असे ४८ अंदाज झाले आणि त्यांतले बरोबर आले २५. नाणं उडवलं असतं तरी २४च्या आसपास आले असते.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून जास्त अहवालांमधले आकडे एकत्र केले होते. त्यांत चोवीस हजारांवर लोकांनी ‘हा खरं बोलतोय की खोटं’ असे अंदाज बांधले होते, आणि बरोबर अंदाजांची सरासरी निघाली ५४ टक्के. ज्यांचं कामच खोटं पकडण्याचं, तेही सामान्य माणसांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. हे मी वर्षभरापूर्वी वाचलं होतं. तरी मनात होतं की अकरा वर्षं चेहरे काढणाऱ्याचा डोळा वेगळा असणार. तो वेगळा नाही, हे आता माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत लिहिलेलं आहे.

आता पापणी. द्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन फोटो काढले आणि १८६२ मध्ये मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला जातो असं मांडलं. गाल वर चढतात, खालची पापणी फुगते, कडेला सुरकुत्या येतात. एकमन आणि फ्रीझन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले तेव्हा ओठांचे कोपरे वर जाणं झालं १२ आणि डोळ्याभोवतीचं आवळणं झालं ६. त्यावरून मी नियम केला : १२ दिसला, ६ नाही, तर खोटं. कागदावर फार देखणा नियम होता. पण माणसं खरं सांगतानाही निव्वळ सौजन्याने हसतात, आणि पुष्कळांना तो ६ ठरवून आणता येतो. हसणं मनापासूनचं आहे का, हा एक प्रश्न. सांगितलेली गोष्ट खरी आहे का, हा दुसरा. मी दोन्ही एकाच पेन्सिलीने सोडवत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. खरा धक्का पुढे होता. आमच्यातल्या एकाने (बँकेत आहे, हिशेब जुळल्याशिवाय त्याला झोप येत नाही) सुचवलं की सांगणाऱ्याचा व्हिडिओही घेऊ. दोन रविवार मोबाइल स्टँडवर लावला. नंतर घरी बसून माझी १६ स्केचेस व्हिडिओशी ताडून पाहिली. त्यांपैकी ११ स्केचेसमध्ये पापणी माझ्या अंदाजाप्रमाणे काढलेली होती, चेहऱ्याप्रमाणे नाही. ज्याला मी ‘खरं’ लिहिलं त्याची पापणी फुगीर, ज्याला ‘खोटं’ लिहिलं त्याची सपाट. व्हिडिओत तसं काही नाही. एका चेहऱ्यावर मी डोळ्याच्या कडेला तीन सुरकुत्या काढल्या होत्या, आणि व्हिडिओत त्या जागी चष्म्याची जाड काडी होती! म्हणजे साधारण पहिल्याच मिनिटात माझा निकाल लागत होता आणि पुढची दोन मिनिटं हात त्या निकालाचे पुरावे तयार करत होता.

शाळेत चित्रकलेचे सर पाठीमागून येऊन एवढंच म्हणायचे, “दिसतंय ते काढ, माहीत आहे ते नको.” ते वाक्य मी नवशिक्यांना किती वेळा ऐकवलं असेल. त्या रात्री व्हिडिओ बंद केला आणि दोन आठवडे ब्रश पेनला हात लावला नाही.

(ब्रश पेनवरून : मागे ज्या तयार स्केचबुकची मी तोंडभरून शिफारस केली होती, तीही मागे घेतो. नवीन वहीत शाई पाठपोट उतरते. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्ट्रिज कागदाचे मोठे ताव आणून घरी कापतो, तेच बरं. चारकोल तीन मिनिटांच्या कामाला नको, तळव्याला पुसून जबड्याची रेषा जाते.)

मग आली मावशी. जुलैतल्या पहिल्या रविवारी माझ्याकडेच बैठक होती आणि ती सहज आलेली. पंचाहत्तरीला टेकली आहे. हौसेने म्हणाली, “मलाही चिठ्ठी दे.” तिने सांगितला १२ जुलै १९६१ चा दिवस. पानशेत सकाळी फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नारायण पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तीन मिनिटं ती एका सुरात बोलली. ओठ मिटलेले, नजर फरशीवर, हातात रुमालाची घडी. मध्ये दोनदा थांबली, एक वाक्य मागे घेऊन पुन्हा सांगितलं. पुराची गोष्ट कोणत्याही पुणेकराला ऐकून ऐकून पाठ असते, तिचं तसंच काहीसं असेल, प्रत्यक्षात ती तेव्हा गावाबाहेर असेल, असं माझ्या मनाने घेतलं. मी पेनाने लिहिलं : खोटं.

चिठ्ठी ‘खरं’ निघाली. तिने माझा कागद हातात घेऊन वाचला आणि काही बोलली नाही.

खरं बोलणाऱ्या माणसाचा ताण पाहून त्याला खोटं ठरवणं, या चुकीला एकमन यांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं नाव दिलंय. बायकोची, डेस्डिमोनाची, भीती त्याला अपराधाची खूण वाटली. नाव मला माहीत होतं, चूक समोर बसलेली असताना आठवलं नाही. आणि ती माझी मावशी होती.

नंतर जे झालं त्यासाठी ही नोंद आहे. मावशीने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, तोच कागद उलटा केला आणि म्हणाली, “थांब, तुला दाखवते.” तिला चित्र येत नाही. पण तिने जिना काढला, वरून खाली उतरताना दिसतो तसा. अरुंद होत गेलेल्या पायऱ्या, चौथ्या पायरीवर पाण्याची आडवी रेघ, त्या रेघेवर तरंगणारे तीन पाट, त्यांतला एक उभा कठड्याला अडकलेला. डाव्या कडेला आईची पाठ, पदर खोचलेला. चेहरा नाही, कारण आई पुढे होती. तळाशी दोन लहान पावलं. तिची स्वतःची. खोलीत कोणी बोलेना. त्या कागदाकडे पाहून अंदाज करायची गरजच नव्हती.

रात्री पोर्ट्समथ विद्यापीठातल्या, खोटं ओळखण्यावर संशोधन करणाऱ्या आल्डर्ट व्राय यांचं काम पुन्हा काढून वाचलं. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहिलंय. पोलीस आणि सैन्यातल्या लोकांना एका ठिकाणी जाऊन कुणाकडून तरी पाकीट घ्यायला पाठवलं, आणि मग काहींना खरं, काहींना खोटं सांगायला लावून त्या जागेचं चित्र मागितलं. खरं सांगणाऱ्यांच्या चित्रात पाकीट देणारा माणूस बहुतेक वेळा होता, खोटं सांगणाऱ्यांच्या चित्रात क्वचितच. खरं सांगणाऱ्यांनी जागा आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून काढली, खोट्यांनी बरेचदा नकाशासारखी वरून. शब्दांत ‘कोपऱ्यात टेबल होतं’ म्हणून निसटता येतं. पेन्सिलीला टेबल कुठे तरी टेकवावंच लागतं.

पुढच्या तीन रविवारी चेहरे काढणं बंद ठेवलं. सांगणाऱ्यालाच कागद दिला. १४ चित्रं झाली आणि १० अंदाज बरोबर आले. १४ हा आकडा लहान आहे, ‘दहात सात’ म्हणून मी एकदा तोंडावर पडलोय, तेव्हा यावर आत्ताच घर बांधू नका. पण एक चित्र सांगायलाच हवं. एकाने स्वारगेटला बसखाली येता येता वाचल्याची गोष्ट रंगवून सांगितली, आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो. चित्र पाहिलं तर बस पूर्ण आडवी, दोन्ही चाकं गोल गरगरीत, बाजूला छत्रीवाला माणूस, पिशवीवाली बाई, दप्तरवाला मुलगा. मी ताबडतोब ‘खोटं’ लिहिलं. ते चित्र मी स्वतः इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला काढलं होतं! स्मरणचित्र, विषय ‘बसथांबा’. छत्रीवाला, पिशवीवाली, दप्तरवाला, तिघेही मार्गदर्शकातून घोकलेले.

आपल्यातल्या बहुतेकांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय, म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. स्मरणचित्र नावाचा पेपर, आणि त्यात स्मरण सोडून सगळं. चार आकृत्या पाठ करायच्या आणि विषय बाजार असो, जत्रा असो, पाणवठा असो, त्याच बसवायच्या. दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक खूश. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक स्मरणचित्राचंच शिक्षण देत. मूळ वस्तू डोळ्यांत साठवायची, समोरून हलवायची आणि मग काढायची. शिल्पकार रोदँ त्यांच्या हाताखाली शिकला. आमच्या सरांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण शनिवारी शाळा सुटली की ते आम्हाला मंडईत न्यायचे, कागद-पेन्सिल न घेता. एका गाळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं. सोमवारी वर्गात काढायचं. तराजू कोणत्या हातात होता, भोपळा कुठून कापलेला होता, दिवा कोणत्या बाजूला लोंबत होता. आठवलं नाही तर ती जागा कोरी सोडायची, मनाने भरायची नाही. कोऱ्या जागेला ते गुण देत. नववीच्या दिवाळीनंतर आमचा चित्रकलेचा तास गणिताला दिला गेला. त्याचा राग मला आजही येतो, कारण त्या तासाला आम्हाला स्वतःच्या पाहण्यातलं आणि मनाने भरलेलं वेगळं करायला शिकवलं जात होतं, आणि ते दुसऱ्या कोणत्याच तासाला शिकवत नव्हते.

आता अडचण. चुकलेल्या ४ चित्रांपैकी ३ आपल्याच गटातल्या पक्क्या हातांची आहेत. ज्याला यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान काढणं) येतं तो खोटा प्रसंगही डोळ्यांच्या उंचीवरून काढतो, आत माणसं पेरतो, एखादं वेडंवाकडं भांडंही ठेवतो. म्हणून पुढचे दोन महिने फक्त चित्र न येणाऱ्या पाहुण्यांना बोलवायचं असं ठरवून मी यादी करायला बसलो होतो.

पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचतंय. व्राय यांच्याच २००९ च्या प्रयोगात जोड्या होत्या. काही जोड्या खरंच एकत्र जेवायला गेल्या, काहींनी गेल्याची गोष्ट रचली. मग दोघांना वेगवेगळं बसवून, त्यांनी ज्याची तयारी केली नव्हती ते विचारलं, त्यात हॉटेलची मांडणी काढणंही होतं. रचणाऱ्यांची चित्रं एकमेकांशी कमी जुळली. यात हात कितीही पक्का असला तरी दुसऱ्याच्या डोक्यातली खिडकी त्याला दिसत नाही. तेव्हा पाहुण्यांची यादी बाजूला. येत्या रविवारपासून जोड्या करू. जोडीने चिठ्ठी उचलायची, पाच मिनिटं आपसात बोलायचं, मग एकाने आतल्या खोलीत आणि एकाने गॅलरीत बसून चित्र काढायचं. काय काढायचं ते आम्ही आयत्या वेळी सांगू.

आणखी एक. खोटं पकडायला म्हणून तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून केलेली, बोटांना तारा लावायची डबी मी मोडीत काढतोय. घामामुळे त्वचेतून वीज किती वाहते ते ती मोजते, तेवढं ती नीट करते. पण पंखा लावला, कुणी खोकलं, चहा आला, तरी आकडा उडी मारतो. मोडीत काढायचं कारण ते नाही. ओळखीच्या एका घरात अंगठी हरवली आणि कामाला येणाऱ्या ताईंना ‘एकदा मशिनवर बसवू या का’ असं मला विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग कुणावर करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात २०१० मध्ये सांगितलंय. आणि ज्यांची रोजी आपल्या हातात आहे त्यांच्या ‘हो’ला संमती तरी कसं म्हणायचं? आपल्या चित्रांनाही हाच नियम : डब्यातल्या चिठ्ठीपुरतीच, बाहेर कुणावर नाही.

रविवारी सकाळी आठ, माझ्याकडे. कार्ट्रिज कापून ठेवतो, पेन्सिली आपापल्या आणा. ४बीच्या खाली नको, हलकी रेघ फोटोत उठत नाही.

परवा मावशीचा फोन आला होता. जिन्याच्या वळणावर तांब्याचा हंडा होता, तो काढायचा राहिला म्हणाली. शनिवारी कागद घेऊन जातोय.